कागद अडकलेलं घर: सोलापुरात थोड्या भांडवलावर घरांचे सौदे कसे शोधावेत आणि पैसा कसा उभा करावा

जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला कागद साफ असलेला, बँक डोळे झाकून कर्ज देईल असा टू बीएचके बाजारभावानेच मिळतो. तो विकणाऱ्याला घाई नसते आणि घेणारे दहा असतात. पाच-दहा लाख हाताशी असलेल्या माणसाला अशा घरात फरक, म्हणजे नफा, सुटत नाही. फरक सुटतो तो कुठेतरी कागद अडकलेल्या घरात. वडील गेले पण वारस नोंद झाली नाही, गृहकर्ज थकलंय, मुलं पुण्या-हैदराबादला आणि घराला तीन वर्षं कुलूप, अशी ही घरं. मात्र काही गाठी सहा महिन्यांत सुटतात आणि काही नातवंडांच्या काळातही सुटत नाहीत. या धंद्यात खरं काम आहे ते या दोहोंतला फरक ओळखायचं.

घर बघण्याआधी खिसा बघा

बहुतेक जण आधी घर पसंत करतात आणि मग पैशांमागे धावतात. मग इसार दिलेला असतो, मुदत संपत आलेली असते आणि गळ्यात पडतं ते महागडं कर्ज. म्हणून आधी आकडेमोड.

समजा सौदा 26 लाखांचा आहे. बँक 80 टक्के, म्हणजे 20 लाख 80 हजार देते असं धरू. उरलेले 5 लाख 20 हजार तुमचे. त्यावर महापालिका हद्दीत साधारण 6 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 1 लाख 56 हजार आणि नोंदणी फी 1 टक्का म्हणजे 26 हजार. नोंदणी फीला 30 हजारांची कमाल मर्यादा आहे. एजंटाचा 1 टक्का धरला तर आणखी 26 हजार. वकील, सर्च (घराच्या जुन्या नोंदींचा शोध) आणि जाहीर नोटीस (या सौद्याला कुणाची हरकत आहे का, अशी पेपरातली विचारणा) मिळून 15 हजार धरा. रंग, प्लंबिंग, वायरिंगला दीड लाख. बेरीज 8 लाख 93 हजार होते. ‘80 टक्के कर्ज मिळतं’ ऐकून सव्वापाच लाख घेऊन निघालेला माणूस इथेच अडकतो, कारण मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक सहसा कर्जात धरत नाही. शिवाय टक्केवारी काढली जाते ती करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत यांतल्या कमी असलेल्या आकड्यावर. पंचवीस वर्षं जुन्या इमारतीत ती हमखास खाली येते.

आता दुसरी बाजू. हाच फ्लॅट महिना 8 हजारांनी भाड्याने गेला, वर्षात दीड महिना रिकामा राहिला, तर हातात 84 हजार. घरपट्टी आणि मेंटेनन्सला 18 हजार गेले की उरले 66 हजार. एकूण गुंतवणूक 29 लाख 73 हजार, म्हणजे परतावा सव्वादोन टक्के. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता साधारण 18 हजार बसतो. भाडं आणि हप्ता यांतले 10 हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून जाणार. भाड्यावर हप्ता फिटेल हे गणित सोलापुरातल्या फ्लॅटला सहसा लागू पडत नाही, मग एजंट काहीही सांगो.

म्हणून इथे दोनच वाटा हिशेबात बसतात. एक, स्वस्तात घेऊन, कागद सोडवून, डागडुजी करून विकणे. दुसरी, एकाच दारामागे दोन-तीन भाडी मिळतील असं बैठं किंवा एकमजली घर. वरच्या मजल्याला बाहेरून वेगळा जिना असला तर सोन्याहून पिवळं.

दोनच भाग धरा

सगळं सोलापूर पालथं घालू नका. दोन भाग निवडा आणि तिथले दर तोंडपाठ होऊ द्या. केगावला विद्यापीठ आहे, अशोक चौकाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सिव्हिल हॉस्पिटलच्या आजूबाजूला डॉक्टर, नर्स आणि शिकाऊ मुलं आहेत, रेल्वे लाइन्सकडे बदलीवर येणारे कर्मचारी आहेत. भाडेकरू कोण असणार हे ठरलं की भाग आपोआप ठरतो.

दर काढायचे ते नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून. गाव आणि सर्वे किंवा सिटी सर्वे नंबर टाकला की झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक 2 दिसते. त्यात मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि तारीख असते. गेल्या दोन वर्षांतले वीस-पंचवीस व्यवहार वहीत उतरवा आणि चौरस फुटाचा दर काढा. नोंदवलेला मोबदला कधी कधी रेडी रेकनरला (मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेल्या दराला) चिकटून लिहिलेला असतो, म्हणून त्याच भागातल्या दोन एजंटांशी आणि शक्य असेल तर एखाद्या बँक व्हॅल्युअरशी तो ताडून पाहा.

रेडी रेकनरकडे सोलापूरकरांनी जास्तच लक्ष द्यायला हवं. 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या दरांत राज्यातल्या महापालिकांत सर्वाधिक वाढ सोलापूरची होती, 10.17 टक्के. तुम्ही घासाघीस करून घर रेकनरच्या खाली मिळवलंत तरी मुद्रांक रेकनरवरच बसतो. वर, मोबदला आणि रेकनर यांतला फरक 10 टक्क्यांपेक्षा जास्त आणि 50 हजारांच्या वर गेला तर तो फरक आयकरात तुमचं उत्पन्न धरला जातो. म्हणजे ‘लई स्वस्तात मिळालं’ म्हणायच्या आधी सीएकडे एक चक्कर मारा. मार्चअखेरीला दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी उसळते ती याच रेकनरच्या भीतीपोटी. त्या पंधरवड्यात विकणारा नव्हे, घेणारा दबावाखाली असतो. पितृपक्षात उलटं असतं. घेणारे थांबलेले असतात, विकणाऱ्याला मात्र तारखा पाळायच्या असतात.

सौदे कुठे दिसतात

पहिली जागा म्हणजे वर्तमानपत्रातलं नोटिशींचं पान. ‘संचार’सारख्या स्थानिक दैनिकात थकलेल्या कर्जापायी बँकांनी घेतलेल्या ताब्याच्या नोटिसा, लिलावाच्या जाहिराती आणि वकिलांच्या जाहीर नोटिसा रोज येतात. वकिलाची नोटीस आली की सौदा कुणाचा तरी झालेला असतो. पण ताब्याची नोटीस आली, याचा अर्थ कर्जदाराकडे अजून थोडा वेळ आहे. बँकेचं देणं भागवून उरलेली रक्कम त्याच्या हाती पडेल असा सौदा त्याच्यापुढे ठेवता येतो. लिलावात गेलं तर घर जाईल आणि हाती काही उरेल याची खात्री नाही, हे त्यालाही कळत असतं. इथे माणसाची अडचण ओरबाडू नका. भाव वाजवी ठेवा. गावात नाव खराब झालं की पुढचे सौदे तुमच्यापर्यंत येतच नाहीत.

दुसरी जागा, बंद घरं. संध्याकाळी सातनंतर गल्लीतून पायी फिरा. कोणत्या घरात दिवा लागत नाही, कुठे मीटर आहे पण उंबऱ्यात बिलं साचलीत, कुठे नेमप्लेटवरचं नाव उडालंय. शेजारच्या किराणा दुकानदाराला मालकाचा मुलगा कुठल्या गावाला असतो ते ठाऊक असतं. भवानी पेठ, साखर पेठ भागात एके काळी यंत्रमाग चालणारी घरं आहेत. खाली यंत्रमागाची लांबट खोली, वर राहतं घर. माग बंद पडले, मुलं नोकरीला गेली. असं घर दोन-तीन भाड्यांसाठी सोयीचं असतं, पण जुन्या वीजजोडणीचा प्रकार आणि थकबाकी आधी बघावी लागते. थकलेलं बिल नव्या मालकाकडून वसूल होऊ शकतं.

तिसरी जागा माणसांची. कर्ज वसुलीचं काम करणारे, बँकेच्या पॅनेलवरचे वकील, प्लंबर, पेंटर, सोसायटीचे सचिव. एजंट हवाच, पण नियोजित प्रकल्पातला फ्लॅट दाखवणारा एजंट महारेराकडे (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) नोंदलेला आहे का ते पाहा.

कोणती गाठ सुटते, कोणती नाही

*विकणाऱ्यावर गृहकर्ज आहे.* ही सर्वांत चांगली गाठ. बँकेने एकदा कागद तपासलेले असतात. क्रम मात्र चुकवू नका. आधी त्याच्या बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि जमा असलेल्या मूळ कागदांची यादी घ्या. मग तुमची बँक त्याच्या बँकेच्या नावाने थेट डीडी काढते, कर्ज बंद होतं, मूळ कागद तुमच्या बँकेकडे येतात आणि उरलेली रक्कम खरेदीखताच्या दिवशी विकणाऱ्याला मिळते. ‘आधी मला पैसे द्या, मी कर्ज फेडतो’ म्हणाला तर उठा.

*वारस नोंद राहिली आहे.* सुटते, पण सगळे वारस हजर हवेत. लेकींचा हक्क लेकांइतकाच आहे. ‘बहिणी काही म्हणत नाहीत’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा, कारण न म्हणणारी बहीणच पुढे दाव्याला उभी राहते, आणि तिचं बरोबर असतं. मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) नावं लावून घ्या. कुणी हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. त्याहून सोपं म्हणजे सगळ्यांनाच खरेदीखतात विकणारे म्हणून घ्या आणि प्रत्येकाचा वाटा त्याच्या त्याच्या खात्यात द्या. वारसांत कुणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. तेवढे महिने मुदतीत धरा.

*हद्दवाढ भागातली गुंठेवारी.* 1992 च्या हद्दवाढीत आलेल्या भागांत शेतीच्या सर्वे नंबरमधून एक-दोन गुंठे विकले गेले. मंजूर लेआउट नाही, बिनशेती आदेश नाही, सातबारावर वीस नावं. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा 2001 चा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने त्यातली तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे आली. त्याआधीची जागा असेल आणि ती आरक्षणात किंवा रस्त्यात येत नसेल तर शुल्क भरून नियमित होऊ शकते. म्हणून महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा आधी काढा. नियमित होईपर्यंत मोठी बँक कर्ज देणार नाही, म्हणजे सगळा पैसा तुमचा, आणि तोही अडकून बसणार. आणि हो, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर केलेली खरेदी ही खरेदी नव्हेच. कुलमुखत्यारपत्रावरची विक्रीही मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे.

*भोगवटा प्रमाणपत्र नाही.* म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला नाही. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे असेल आणि निव्वळ कागद राहिला असेल तर सुटू शकते. गच्चीवर चढवलेला वाढीव मजला असेल तर नाद सोडा.

*जुना भाडेकरू.* चाळीस वर्षांच्या भाडेपावत्या दाखवणारा भाडेकरू आत असेल, तर घर कितीही स्वस्त असो, ते छोट्या माणसाचं काम नाही. देवस्थान इनाम, वक्फ, वर्ग 2 ची (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन, दावा चालू असलेली मिळकत यांनाही हेच लागू.

*बांधकामावर बंधनं.* भुईकोट किल्ला संरक्षित आहे. त्याच्या हद्दीपासून 100 मीटरमध्ये नवं बांधकाम होत नाही आणि पुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. होटगी रोडच्या विमानतळालगत उंचीची मर्यादा तपासा. आहे तसं घर वापरायचं असेल तर हरकत नाही, वर मजला चढवायचा बेत असेल तर आहे.

कागद तपासताना घरपट्टीवरच्या नावावर विसंबू नका. घरपट्टी मालकी सिद्ध करत नाही. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, फेरफार, आधीची सगळी खरेदीखतं आणि वकिलाचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट हवा. त्याशिवाय सरसाईच्या, म्हणजे बँकांकडच्या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदीत तारण आहे का आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर विकणाऱ्याच्या नावाने दावा दिसतो का, हे अर्ध्या तासात घरबसल्या कळतं.

घर बघायला जाल तेव्हा

फरशी आणि रंग शेवटी बघा. आधी हौदाचं झाकण उचला. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, हे बाहेरगावच्या घेणाऱ्याला माहीत नसतं आणि विकणारा सांगत नाही. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर चार जणांच्या कुटुंबाला पाच दिवसांचे 2,700 लिटर लागतात. तीन भाडी ठेवायची तर 8,100. घरात 3 हजार लिटरचा हौद असेल तर मे महिन्यात एक भाडेकरू नक्की जाणार. नळजोड अधिकृत आहे का, ते पाणीपट्टीच्या पावतीवर बघा. बोअर असेल तर तो उन्हाळ्यात टिकतो का, हे मालकाला नको, शेजाऱ्याला विचारा.

मग भिंती. काळ्या मातीवरचं घर पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, पाच रुपयांचं नाणं आत जाईल एवढी भेग पायाची तक्रार सांगते. प्लास्टरमधली केसासारखी भेग रंगाने जाते. संडास-बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावा, ओल तळहाताला कळते. शक्य असेल तर पावसाळ्यात एकदा आणि भर दुपारी एकदा, असं दोनदा बघा. वरच्या मजल्यावरच्या खोल्या एप्रिलमध्ये कशा तापतात हे संध्याकाळी गेल्यावर कळत नाही.

कोणता पैसा कशासाठी

गृहकर्ज सर्वांत स्वस्त आणि सर्वांत संथ. घर शोधण्याआधीच बँकेकडून पात्रतेचं पत्र घेऊन ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या 90 टक्के, 75 लाखांपर्यंत 80 आणि त्यावर 75 टक्के ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या घराला बँका हात आखडता घेतात, आणि तिसऱ्या घरापासून कर्ज व्यापारी गटात मोडून महाग पडतं. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, म्हणून घेऊन विकणाऱ्याने तोच प्रकार घ्यावा. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत मिळते. वरच्या उदाहरणात ते 26 हजार होतात. नवऱ्याचं उत्पन्न सहकर्जदार म्हणून जोडता येतं, खरेदीखतात त्याचं नाव घालायची गरज नसते.

ठेवीवरची ओव्हरड्राफ्ट सोय आणि सोनेतारण हा धावपळीचा पैसा. दोन-तीन महिन्यांसाठी उत्तम, दोन वर्षांसाठी घात. स्वतःचं राहतं घर तारण ठेवून घेतलेलं कर्ज रकमेने मोठं असतं, पण सौदा फसला तर डोक्यावरचं छप्परच पणाला लागतं. पहिल्या दोन सौद्यांत ते टाळा. पतसंस्था पटकन देते, व्याज आणि जामीनदार दोन्ही जास्त मागते. परवाना नसलेल्या सावकाराकडे जाऊच नका, विशेषतः तारण म्हणून खरेदीखतच करून मागणाऱ्याकडे.

भागीदारी हा सोलापुरातला रुळलेला मार्ग. मेहुणा, मित्र, वर्गमित्र. दोघांची नावं आणि हिश्शाचे टक्के खरेदीखतातच लिहा. ज्याने पैसा घातला पण नाव नाही, त्याच्या हाती पुढे तोंडी शब्दाखेरीज काही नसतं. वेगळ्या करारात तीन गोष्टी असू द्या: किती महिन्यांत विकायचं, वाढीव खर्च कोण करणार, आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कोण ठरवणार.

बँकेचा लिलाव

सरफेसी कायद्याखालच्या (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला विकू देणाऱ्या कायद्याच्या) लिलावात राखीव किमतीच्या साधारण 10 टक्के बयाणा आधी भरावा लागतो. बोली लागली की बयाणा धरून 25 टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी, उरलेले 75 टक्के 15 दिवसांत. लेखी संमतीने मुदत वाढू शकते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त. 15 दिवसांत गृहकर्ज हाती येणं अवघड, त्यामुळे धावपळीचा पैसा तयार असल्याशिवाय बोली लावू नका.

जाहिरातीत एकच शब्द शोधा: ताबा प्रत्यक्ष आहे की सांकेतिक. सांकेतिक असेल तर कर्जदार अजून आत राहतोय आणि त्याला बाहेर काढण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट बघावी लागते. कर्जदार पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला तर तुमचे पैसे भरलेले आणि किल्ली दुसऱ्याकडे, असं वर्ष जातं. विक्री ‘जशी आहे, जिथे आहे’ तत्त्वावर असते. घरपट्टी, वीज, सोसायटीची थकबाकी बोलीआधीच विचारून घ्या आणि बोलीतून वजा करा.

इसार ते किल्ली

इसाराची रक्कम लहान ठेवा, 50 हजार ते एक लाख, चेकनेच. 20 हजार किंवा त्यावर रोख देणं-घेणं मिळकतीच्या व्यवहारात चालत नाही आणि दंड रकमेएवढाच बसतो. इसार पावतीत एक ओळ हवीच: जाहीर नोटिशीत हरकत आली किंवा कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने कागद नाकारले, तर इसार पूर्ण परत. नोटिशीला पंधरा दिवस द्या आणि ते संपेपर्यंत दुसरा चेक देऊ नका. मोबदला 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरायचं काम तुमचं. विकणारा परदेशी स्थायिक असेल तर ही 50 लाखांची मर्यादाही नाही आणि दरही वेगळा आहे. सीएने सांगितल्याशिवाय चेक देऊ नका.

नवीन प्रकल्पात फ्लॅट घेताना नोंदणीकृत कराराआधी बिल्डरने 10 टक्क्यांहून जास्त घेणं बेकायदा आहे. कुणी मागत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा आणि उत्तर कसं येतं ते ऐका.

खरेदीखत नोंदलं की त्याच आठवड्यात मिळकत पत्रिकेवर नाव, घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजजोड बदलायला टाका. सोसायटीत हस्तांतरण शुल्क महापालिका हद्दीत कमाल 25 हजार आहे, त्याहून जास्त मागितलं तर लेखी मागा. भाडेकरू ठेवताना 11 महिन्यांचा असला तरी करार नोंदणीकृतच लागतो. ऑनलाइन होतो, शहरात नोंदणी फी हजार रुपये. पोलिसांत भाडेकरूची माहितीही द्या. विद्यार्थी ठेवणार असाल तर खोली जूनच्या आधी तयार हवी. ऑगस्टमध्ये रंग दिलेली खोली पुढच्या जूनपर्यंत रिकामी राहते.

विकायचं असेल तर कॅलेंडर बघा. 24 महिने पूर्ण झाल्यावर विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के दराने दीर्घकालीन कर लागतो, आधी विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिसळून स्लॅबप्रमाणे. तेविसाव्या महिन्यात आलेल्या गिऱ्हाईकाला साठेखत (पुढे विकण्याचा करार) करून थोडं थांबवता येतं का, हे सीएला विचारा. साठेखतावर ताबा मात्र देऊ नका. ताबा दिला की कर आणि मुद्रांक, दोन्ही खात्यांच्या लेखी विक्री तेव्हाच झालेली धरली जाऊ शकते.